एमडीएडीएमबरोबर पोस्टफिक्स कोणी आणलं? डिपेंडन्सीचं चित्र टर्मिनलवरून काढताना

प्रश्न असा आहे. उबुंटू सर्व्हरवर दोन डिस्कांची रेड-१ जोडी (दोन्हींवर तोच डेटा) लावायची म्हणून एमडीएडीएम पॅकेज टाकलं. त्याबरोबर पोस्टफिक्स हा अख्खा मेल सर्व्हर उतरला, आणि इन्स्टॉल चालू असतानाच ‘इंटरनेट साइट’ की ‘लोकल ओन्ली’ असं विचारणारा पडदा समोर आला. डिस्क सांभाळणाऱ्या पॅकेजला मेल सर्व्हर कशाला हवा? कोणी कोणाला ओढून आणलं हे चित्रात बघायचं तर टर्मिनलवर काय चालवायचं? एकदा चित्र काढून पाहिलं, पण ते इतकं गिचमिड आलं की एकही नाव वाचता येईना, अशी तक्रारही प्रश्नात आहे.

आधी त्या गिचमिडीबद्दल. डिपेंडन्सी, म्हणजे एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजं, पायरी-पायरीने खणत नेल्या की जवळपास प्रत्येक पॅकेज शेवटी लिबसी६, पर्ल, डेबकॉन्फ या सगळ्यांना लागणाऱ्या पायाभूत पॅकेजांपाशीच पोचतं. सगळ्यांचे बाण त्याच चार-दोन चौकटींवर येऊन आदळतात आणि मधली जागा रेघांनी भरून जाते. साधनाचा यात दोष नाही, त्याला सांगितलं तेवढं ते काढतं. चित्र काढण्याचं निम्मं काम म्हणजे त्यात काय येऊ द्यायचं नाही हे ठरवणं. ते ठरतं प्रश्नावरून. ‘एमडीएडीएमला काय काय लागतं’ हा एक प्रश्न, आणि ‘पोस्टफिक्स इथे कोणामुळे आहे’ हा वेगळा. दोन्हींची चित्रं वेगळी निघतात.

खालच्या कमांडा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाका. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

दुसऱ्या प्रश्नाला तर चित्रही लागत नाही:

अप्टिट्यूड व्हाय पोस्टफिक्स

याच्या उत्तरात एक-दोन ओळी येतात. पहिल्या ओळीत एमडीएडीएम, त्यापुढे ‘रेकमेंड्स’ (शिफारस) हा शब्द आणि मग ‘डीफॉल्ट-एमटीए | मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट’. एमटीए म्हणजे मेल पोचवणारा प्रोग्रॅम. ओळीच्या सुरुवातीला लहान ‘आय’ असेल तर पॅकेज बसवलेलं आहे. त्याच्या जोडीला मोठा ‘ए’ असेल तर ते तुम्ही मागितलं नव्हतं, दुसऱ्या कोणासाठी आपोआप आलं. पोस्टफिक्ससमोर तो ‘ए’ दिसेल. साखळी एकच असेल तर इथेच थांबावं. साखळ्या अनेक असतील, किंवा सर्व्हरची डॉकर इमेज का फुगली हे चार जणांना समजावून सांगायचं असेल, तेव्हा चित्राला पर्याय नाही.

डेबियन आणि उबुंटूसाठी माझी पसंती डेबट्रीला आहे. फ्रान्स पॉप या डेबियन विकसकाने लिहिलेली ही पर्ल स्क्रिप्ट आहे. ती स्वतः चित्र काढत नाही. एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या याद्या वाचून डॉट भाषेत आलेखाचा मजकूर लिहिते, आणि त्याचं चित्र करतं ग्राफविझ, त्यातल्या ‘डॉट’ याच नावाच्या कमांडने. ग्राफविझचा उगम एटी अँड टीच्या संशोधन विभागातला. कामाची ही वाटणी फार सोयीची आहे, कारण मधली फाइल साधा मजकूर असते. ती एडिटरमध्ये उघडता येते, ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने गाळता येते, दोन फाइली डिफ या कमांडने ताडून पाहता येतात.

सर्व्हरवर फक्त डेबट्री टाका:

एपीटी-गेट इन्स्टॉल --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स डेबट्री

ग्राफविझ सर्व्हरवर बसवू नका. ते पँगो, कैरो, फॉन्ट अशी बरीच लायब्ररी सोबत आणतं, आणि फुगलेला सर्व्हर तपासायला येऊन तो आणखी फुगवण्यात अर्थ नाही. डॉट फाइल सर्व्हरवर तयार करा, एससीपी या फाइल पाठवणाऱ्या कमांडने लॅपटॉपवर आणा आणि चित्र तिथे काढा.

डेबट्री --मॅक्स-डेप्थ=२ एमडीएडीएम > एमडीएडीएम.डॉट

डॉट -टीएसव्हीजी -ओ एमडीएडीएम.एसव्हीजी एमडीएडीएम.डॉट

दुसऱ्या कमांडमधला ‘टी’ मोठा, बाकी सगळं लहान. एसव्हीजीच घ्या, पीएनजी नको. एसव्हीजी ब्राउझरमध्ये उघडते, हवी तेवढी मोठी करता येते, आणि त्यातली नावं खरा मजकूर असल्याने कंट्रोल-एफने सापडतात. मोठ्या आलेखाच्या पीएनजीला आणखी एक अडचण येते. कैरोची चित्राची मर्यादा एका बाजूला ३२,७६७ पिक्सेल आहे. आलेख त्याहून मोठा झाला की ‘ग्राफ इज टू लार्ज फॉर कैरो-रेंडरर बिटमॅप्स’ असा संदेश देऊन डॉट सगळं चित्र आवळून बसवतं. अक्षरं मुंगीएवढी होतात. प्रश्नातल्या न वाचता येणाऱ्या चित्रामागे हेही कारण असू शकतं.

आता डॉट फाइल उघडून बघाच, पाच मिनिटांचं काम आहे. वर आलेखाचं नाव, मग चौकटी आडव्या मांडायच्या की उभ्या याची ओळ, आणि त्याखाली दर ओळीला एक बाण:

"एमडीएडीएम" -> "यूडेव्ह" [कलर=ब्लू];

निळा बाण म्हणजे डिपेंड्स: हे नसेल तर पॅकेज बसणारच नाही. जाड जांभळा म्हणजे प्री-डिपेंड्स, याहून कडक. ज्याच्यावर अवलंबून आहोत ते आधी पूर्ण बसून तयार झालं पाहिजे, तेव्हाच हे पॅकेज उलगडायला घेतलं जातं. काळा बाण रेकमेंड्सचा. तुटक रेघ सजेस्ट्सची, पण ती आपोआप येत नाही, त्यासाठी --विथ-सजेस्ट्स द्यावं लागतं. लाल बाण कॉन्फ्लिक्ट्सचा, हिरवा प्रोव्हाइड्सचा. बाणावरच्या कंसातला आकडा म्हणजे किमान कोणती आवृत्ती हवी. तो नको असेल तर --नो-व्हर्जन्स. चित्र एकदम मोकळं होतं, आणि आवृत्तीवरून अडलेलं नसेल तेव्हा तो आकडा कोणी वाचतही नाही.

तुमच्या आलेखात एमडीएडीएमपासून निघालेला एक काळा बाण अशा चौकटीवर जातो जिचे आत खण पाडलेले आहेत. एका खणात ‘डीफॉल्ट-एमटीए’, दुसऱ्यात ‘मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट’. पॅकेजच्या माहितीत जिथे उभी रेघ असते, म्हणजे ‘हे किंवा ते’, तिथे डेबट्री अशी खणांची चौकट काढते. ही दोन्ही नावं खऱ्या पॅकेजांची नाहीत. दुसरी पॅकेजं ‘हे काम मी करतो’ असं सांगत ही नावं स्वतःला लावून घेतात. उबुंटूवर डीफॉल्ट-एमटीए हे नाव पोस्टफिक्सकडे आहे, डेबियनवर एक्झिम४-डेमन-लाइटकडे. म्हणून तेच एमडीएडीएम एका ठिकाणी पोस्टफिक्स आणतं आणि दुसऱ्या ठिकाणी एक्झिम. मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट म्हणवणारी पॅकेजं बरीच आहेत. अशा वेळी डेबट्री सगळ्यांची नावं मांडत बसत नाही, ती मर्यादा --मॅक्स-प्रोव्हायडर्सने बदलता येते.

बाणाचा रंग काळा आहे, निळा नाही, यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं. एमडीएडीएम पोस्टफिक्सशिवाय बसतं. डेबियनच्या धोरणात रेकमेंड्सचा अर्थ असा दिला आहे की अवलंबित्व भक्कम आहे पण अनिवार्य नाही, अपवाद सोडले तर ही पॅकेजं सोबतच आढळावीत. २००९ सालच्या डेबियन ५.० ‘लेनी’पासून एपीटी हे रेकमेंड्स न विचारता बसवतं. कारण कळलं म्हणजे ते पॅकेज लगेच काढून टाकावं असं मात्र नाही. त्याकडे शेवटी येतो.

चित्र छाटण्याची माझी पद्धत दोन आलेखांची आहे. एक वर काढला तसा, दुसरा रेकमेंड्स वगळून:

डेबट्री --नो-रेकमेंड्स --मॅक्स-डेप्थ=२ एमडीएडीएम > कडक.डॉट

दोन्ही फाइली सॉर्ट करून डिफला द्या. पहिल्या फाइलीत जास्तीचं जे निघेल ते सगळं रेकमेंड्समुळे आलेलं. वजन बघायचं तर फाइलीच्या अगदी तळाशी दोन तिरप्या रेघांनी सुरू होणाऱ्या ओळी असतात. आलेखातल्या सगळ्या पॅकेजांचा एकूण आकार आणि डाउनलोडचा आकार, दोन्ही बाइटमध्ये. दोन फाइलींतल्या या आकड्यांची वजाबाकी म्हणजे --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स दिलं असतं तर किती वाचलं असतं त्याचा अंदाज. अंदाजच म्हणायचं, कारण आकडा आलेखात दिसणाऱ्या पॅकेजांपुरताच असतो. खोली दोनवर थांबवली असेल तर तिसऱ्या पायरीवरचं काहीच त्यात धरलेलं नाही. आकार मोजायचा असेल तर खोलीची मर्यादा काढून कमांड चालवा. त्या फाइलीचं चित्र काढू नका, तळाचे आकडे तेवढे घ्या.

त्याच तळाला ‘एक्स्क्लूडेड डिपेंडन्सीज’ अशी यादी असते, ती वाचायची सवय ठेवा. डेबट्री सर्वत्र आढळणारी पॅकेजं स्वतःहून गाळते. /ईटीसी/डेबट्री/ या डिरेक्टरीत स्किपलिस्ट आणि एंडलिस्ट अशा दोन फाइली आहेत. स्किपलिस्टमधलं पॅकेज चित्रात येतच नाही. एंडलिस्टमधलं येतं, पण त्याच्यापुढे आलेख थांबतो. लिबसी६ चित्रात का नाही, असा प्रश्न पडला तर उत्तर इथे आहे. पूर्ण चित्र हवंच असेल तर --नो-स्किप आणि --शो-ऑल द्या, पण त्याने बहुतेक वेळा जाळंच हाती येतं. उलट दिशेने केलेला उपयोग जास्त कामाचा: तुमच्या सर्व्हरवर एखादं पॅकेज दर आलेखात येऊन त्रास देत असेल, पर्लसारखं, तर त्याचं नाव एंडलिस्टमध्ये टाका.

बाण मोजायला डॉट फाइलीवर ग्रेप -सी चालवून ‘->’ हे चिन्ह मोजा. चिन्ह उणे चिन्हापासून सुरू होतं, त्यामुळे ग्रेपला तो पर्याय वाटतो आणि चूक येते. चिन्हाच्या आधी सुटे दोन उणे टाका आणि चिन्ह अवतरणात ठेवा, नाहीतर शेल ‘>’ला फाइलीची वाट समजेल. लॅपटॉपच्या पडद्यावर चाळीस-पन्नास चौकटी नीट वाचता येतात. दीडशेच्या पुढे गेलं की छाटणी करा किंवा पुढचे उपाय बघा.

पहिला उपाय टीरेड. ग्राफविझबरोबरच येतो:

टीरेड एमडीएडीएम.डॉट | डॉट -टीएसव्हीजी -ओ विरळ.एसव्हीजी

‘अ’ला ‘ब’ लागतं, ‘ब’ला ‘क’ लागतं, आणि ‘अ’ला थेट ‘क’ही लागतं, अशा ठिकाणी टीरेड ‘अ’पासून ‘क’पर्यंतचा थेट बाण पुसतो. पोचण्याचा रस्ता ‘ब’वरून शिल्लक असतो, म्हणून अर्थ टिकतो आणि रेघा कमी होतात. पण पुसलेला बाण खरा होता हे विसरू नका. टीरेडच्या चित्रावरून ‘अ’ला ‘क’ थेट लागत नाही असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. शिवाय टीरेडला रंग कळत नाही. निळा बाण पुसला जाऊन रस्ता काळ्या बाणांवरून शिल्लक राहिला, तर सक्तीची डिपेंडन्सी शिफारशीची दिसायला लागते. म्हणून टीरेड फक्त --नो-रेकमेंड्सने काढलेल्या आलेखावर चालवावा असं माझं ठाम मत आहे. वर्तुळाकार डिपेंडन्सी असल्या तर टीरेड तसा इशारा देतो. त्याला घाबरू नका. लिबसी६ला लिबजीसीसी-एस१ लागतं आणि लिबजीसीसी-एस१ला लिबसी६, अशी वर्तुळं डेबियनमध्ये असतात. अशा आलेखाची छाटणी एकाहून जास्त प्रकारे होऊ शकते, एवढाच त्या इशाऱ्याचा अर्थ.

दुसरा उपाय मांडणी बदलण्याचा. डॉट पायऱ्या पाडून मांडतं, त्यामुळे कोण कोणाच्या आधी हे कळतं. डिपेंडन्सीला हीच मांडणी हवी. हजारो बाण झाले की डॉट मिनिटं-मिनिटं घोळत बसतं, तेव्हा तीच फाइल एसएफडीपीला द्या. ती पटकन होते, पण दिशा हरवते, नुसते पुंजके दिसतात. कुठे दाटी आहे एवढं बघायला पुरतं. रेघा काटकोनात याव्यात म्हणून डॉटला स्प्लाइन्स=ऑर्थो देण्याचा मोह होतो. ती मांडणी बाणांवरची अक्षरं सांभाळू शकत नाही आणि तसा इशाराही देते. द्यायचंच असेल तर --नो-व्हर्जन्सने आकडे आधी काढून टाका.

आता हमखास बिघडणाऱ्या गोष्टी. डॉटने पहिल्याच ओळींत ‘सिंटॅक्स एरर’ म्हटलं, तर बहुतेक वेळा डेबट्रीची माहितीची ओळ फाइलीत शिरलेली असते. अशा ओळी मोठ्या ‘आय’ने सुरू होतात आणि एरर-प्रवाहात जातात. कमांडच्या शेवटी ‘२>&१’ लावलं असेल तर त्या फाइलीत येतात. तेवढं काढून टाका. डेबट्रीला पॅकेजच सापडत नसेल तर एपीटीच्या याद्या आहेत का ते बघा. डॉकर इमेजमध्ये आकार वाचवायला त्या पुसलेल्या असतात, आधी एपीटी-गेट अपडेट चालवावं लागतं. आणि मुळात डेबट्री याद्यांवरून काम करते, म्हणून पॅकेज बसवलेलं नसतानाही चित्र निघतं. हा फायदा आहे आणि फसगतही. यादीत नवी आवृत्ती आली असेल आणि सर्व्हरवर जुनी चालू असेल, तर चित्र आणि वस्तुस्थिती जुळणार नाही. शंका आली की डीपीकेजी -एस एमडीएडीएम चालवा. बसलेल्या आवृत्तीचे डिपेंड्स, रेकमेंड्स त्यात छापून येतात.

एपीटीबरोबर येणारी एपीटी-कॅश डॉटी ही कमांडही डॉट मजकूर देते, वेगळं काही बसवावं लागत नाही. पण रंगांचा घोळ ध्यानात ठेवा. तिच्यात निळी रेघ प्री-डिपेंड्सची आणि हिरवी कॉन्फ्लिक्ट्सची. डेबट्रीत निळी डिपेंड्सची आणि हिरवी प्रोव्हाइड्सची. एका साधनाची सवय घेऊन दुसऱ्याचं चित्र वाचलं तर भांडणाऱ्या दोन पॅकेजांची जोडी लावून मोकळे व्हाल. शिवाय नुसतं नाव दिलं की डॉटी सगळ्या डिपेंडन्सी शेवटपर्यंत खणत जाते. मोठे आलेख तिला झेपत नाहीत हे तिच्या मॅन पानावरच लिहिलेलं आहे.

डेबियनच्या बाहेर असाल तर नावं बदलतात, पद्धत तीच राहते. आर्चवर पॅकट्री -जी थेट डॉट मजकूर देतं. पायथनला पिपडेपट्री, रस्टला कार्गो ट्री. त्यातला -आय पर्याय उलटी साखळी दाखवतो, आणि -डी एकाच क्रेटच्या (रस्टमधल्या पॅकेजच्या) दोन-दोन आवृत्त्या कुठे घुसल्यात ते. गो मॉड ग्राफ मात्र डॉट देत नाही, दर ओळीला दोन नावं देतं. मध्ये बाण घालून, वर-खाली महिरपी कंस लावून डॉट स्वतः करावं लागतं. ते करताना प्रत्येक नाव दुहेरी अवतरणात ठेवा. नावातल्या तिरप्या रेघा, टिंबं आणि उणे चिन्हं डॉट अवतरणाशिवाय गिळत नाही.

आता पोस्टफिक्सचं काय करायचं. तो काळा बाण फुकट काढलेला नाही. रेडमधली डिस्क मेली की एमडीएडीएमचा मॉनिटर मेल पाठवतो, पत्ता /ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ या फाइलीत ‘मेलअॅड्रे’ या ओळीवर असतो, आणि मूळचा पत्ता ‘रूट’. रेड-१मध्ये एक डिस्क गेली तरी सर्व्हर बिनबोभाट चालत राहतो. मेल पाठवणारं कोणी नसेल तर ती बातमी दुसरी डिस्क गेल्यावर कळते, आणि तेव्हा डेटा गेलेला असतो. म्हणून पोस्टफिक्स काढा, पण मेलची वाट बंद करू नका.

खणांच्या चौकटीत ‘किंवा’ होता, त्याचा उपयोग इथे करून घ्या. एमएसएमटीपी-एमटीए हे छोटं पॅकेजही मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट म्हणवतं. नव्या सर्व्हरवर ते आधी बसवा आणि एमडीएडीएम नंतर, म्हणजे शिफारस आधीच भागलेली असते आणि पोस्टफिक्स येत नाही. पोस्टफिक्स आधीच बसलं असेल तर ऑटोरिमूव्ह ते काढणार नाही, कारण बसवलेलं एखादं पॅकेज ज्याची शिफारस करतं त्याला एपीटी गरजेचंच धरतं. काढून टाकायचं ते नाव घेऊनच. आधी एपीटी-गेट -एस रिमूव्ह पोस्टफिक्स चालवून कोणकोण सोबत जातंय ते वाचा, -एसमुळे प्रत्यक्षात काहीच हलत नाही.

मग मेल जातो का ते तपासा:

एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट

ही कमांड रूट म्हणून चालवली की प्रत्येक ॲरेमागे (रेडच्या प्रत्येक जोडीमागे) एक चाचणीचा मेल निघतो. एमएसएमटीपी वापरत असाल आणि मेल आला नाही, तर पहिल्यांदा पत्त्याची ओळ बघा. एमएसएमटीपी स्थानिक पेटीत मेल टाकत नाही, सगळं बाहेरच्या सर्व्हरकडे सोपवतं, आणि नुसत्या ‘रूट’ला बाहेर कोणी ओळखत नाही. त्या ओळीवर पूर्ण ईमेल पत्ता लिहा, किंवा एमएसएमटीपीच्या कॉन्फिगमध्ये एलिअसेसची (‘रूट’सारख्या नावांना खरे पत्ते जोडणारी) फाइल दाखवा. त्याच कॉन्फिगमध्ये सिसलॉग (सिस्टीमच्या नोंदी) चालू करणारी ओळही घाला. ती नसेल आणि लॉगफाइलही दिलेली नसेल, तर मेल कुठे अडला हे कुठल्याच लॉगमध्ये सापडणार नाही.